मावशीने न पाहिलेला शनी

२०२५ सालच्या मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मावशी आमच्याकडे हळदीकुंकवाला आली होती. पूजा झाली, कहाणी वाचून झाली, दूध आणि फळे वाटून झाली, आणि बायका आपापल्या घरी गेल्यावर मी मागच्या अंगणात दुर्बीण मांडली. नैर्ऋत्येकडे अर्धा होत आलेला चंद्र होता आणि त्याच्या डावीकडे, बराच उंच, पिवळसर आणि न लुकलुकणारा शनी. मावशीचे गुडघे वाकत नाहीत म्हणून मी तिला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवले, आयपीस तिच्या डोळ्याच्या उंचीला आणले आणि आधी चंद्र दाखवला. तो तिने अगदी मनापासून पाहिला. नळी हाताने धरू नको म्हणून दोनदा सांगावे लागले, कारण आधारासाठी तिचा हात आपोआप तिकडे जाई आणि चंद्र थरथरू लागे. मग मी नळी शनीकडे वळवली, तो मधोमध आणला आणि म्हटले, “ये मावशी, आता शनी बघ.” ती स्टुलावरून उठली. पदर डोक्यावर घेतला, तोंड तुळशीकडे फिरवले, हात जोडले आणि म्हणाली, “नाही पोरी. त्याच्या डोळ्याले डोळा नाही देत मी.” एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि राहिलेली भांडी विसळायला लागली.

मी काही बोलले नाही. नळीत शनी होता आणि तो हळूहळू कडेकडे सरकत होता.

त्या रात्री तिने पाहिले असते तर तिला काय दिसले असते, हा विचार मनातून जाईना. खरे सांगायचे तर फारसे काही दिसले नसते. शनीची जी कडी शाळेच्या पुस्तकापासून आपल्या डोक्यात बसलेली असतात, ती त्या दिवसांत जवळजवळ मिटलेली होती. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून गेली, पण तेव्हा शनी सूर्याच्या इतका जवळ होता की तो प्रसंग कोणाला धड पाहता आला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस कड्यांचा कल पुन्हा उतरत अर्ध्या अंशाच्याही खाली आला, आणि यावेळी शनी संध्याकाळी सोयीच्या उंचीवर होता. माझ्या लहानशा दुर्बिणीत एक फिकट पिवळा गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निघालेली एक अत्यंत बारीक, सरळ रेघ, एवढेच दिसत होते. हवा क्षणभर स्थिर झाली की गोळ्याच्या पोटावरून गेलेली कड्यांच्या सावलीची काळपट रेघही दिसल्यासारखी वाटे आणि पुन्हा हरवे. थोडा दूर एक मिणमिणता ठिपका होता, तो शनीचा चंद्र टायटन. तो सोळा दिवसांत शनीभोवती एक फेरी मारतो, त्यामुळे एका गुरुवारी जिथे दिसला तिथून पुढच्या गुरुवारी बहुतेक पलीकडच्या बाजूला गेलेला असतो.

दुर्बीण काही मोठी नाही. ११४ मिलिमीटरचा आरसा, ९०० मिलिमीटरचे नाभीय अंतर, आणि दहा मिलिमीटरचे आयपीस लावले की नव्वद पट मोठे दिसते. घरातल्यांचा आग्रह ती गच्चीवर न्यावी असा होता, कारण तिथून आकाश मोकळे दिसते. परंतु नागपूरची गच्ची दिवसभर जे ऊन पिते ते मध्यरात्रीपर्यंत परत देत राहते, आणि त्या तापलेल्या स्लॅबवरून उठणाऱ्या हवेत शनी उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा हलतो. मागच्या अंगणात माती आहे, सीताफळाचे झाड आहे, तुळस आहे. संध्याकाळी सडा टाकला की जमीन लवकर निवते. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवायची, म्हणजे आरसाही बाहेरच्या हवेइतका गार होतो. शहराच्या उजेडाने शनीचे काही बिघडत नाही, तो तेवढा तेजस्वी आहे. शेजारच्या फाटकावरचा पांढराशुभ्र दिवा मात्र थेट आयपीसवर येतो, आणि त्यासाठी मी एक जुनी गोधडी दोरीवर वाळत घातल्याचे सोंग करते.

ही दुर्बीण आणली त्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, कडी २७ अंशांनी उघडलेली होती. त्याहून जास्त ती उघडतच नाहीत. त्याच सप्टेंबरात कॅसिनी यान तेरा वर्षे शनीभोवती फिरून त्याच्या वातावरणात शिरले आणि संपले, आणि इकडे आमच्या अंगणात गल्लीतली माणसे ओळीने उभी राहून शनी पाहत होती. पहिला उद्गार जवळजवळ सगळ्यांचा एकच असे, हे खरे नव्हे. एका काकांनी नळीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन आत चित्र चिकटवले आहे का ते वाकून पाहिले. पृथ्वी फिरत असल्यामुळे नव्वद पटीला शनी दोन मिनिटांत या कडेने शिरतो आणि त्या कडेने निघून जातो, म्हणून प्रत्येकाला दोन मिनिटे मिळत. पण ती दोन मिनिटे कोणी वापरली असतील असे मला आठवत नाही. तीन सेकंद, चार सेकंद, “वा, मस्त”, आणि माणूस बाजूला. कित्येकांनी फोनचा कॅमेरा आयपीसला लावून काढलेला पांढरा डाग दुर्बिणीतल्या शनीपेक्षा जास्त वेळ पाहिला. मी यजमान असल्यामुळे हसत राहिले, परंतु ‘मस्त’ हा शब्द तेव्हापासून माझ्या कानाला टोचतो.

मावशीने एक सेकंदही पाहिले नाही. तरी शनीसमोर उभे राहून सर्वांत मोठी प्रतिक्रिया तिचीच होती, आणि मला तीच राहून राहून आठवत होती.

तिच्याबरोबर मी पूर्वी शनिवारी लोहापुलाजवळच्या शनिमंदिरात गेले आहे. सीताबर्डीच्या गर्दीत, बसच्या धुरात, तेलाचा आणि रुईच्या पानांचा एक जड वास येतो. पायाखालची फरशी तेलाने निसरडी झालेली असते म्हणून म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या कोपराला धरून चालतात. मावशी मूर्तीच्या थेट समोर कधी उभी राहत नाही. थोडी बाजूला उभी राहते, नजर खाली ठेवते, पायांचे दर्शन घेते, तेल वाहते, काळे उडीद ठेवते आणि पाठ न दाखवता मागे सरकते. लहानपणी मी एकदा विचारले होते, तेव्हा तिने गणपतीची गोष्ट सांगितली होती. पार्वतीने आपले बाळ पाहायला साऱ्या देवांना बोलावले, शनी आला आणि खाली मान घालून उभा राहिला, कारण तो ज्याच्याकडे पाहील त्याचे अनिष्ट होईल असा त्याला बायकोचा शाप होता. पार्वतीने आग्रह केला, त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून जरासे पाहिले आणि बाळाचे मस्तक गळून पडले. त्या गोष्टीत मला तेव्हाही गणपतीपेक्षा शनीचीच दया आली होती. त्याला कोणाचे वाईट करायचे नव्हते, आणि बाळ पाहायची इच्छा मात्र असणारच. म्हणजे मंदिरात दोन्ही बाजूंनी नजर चुकवली जाते. भक्त खाली पाहतो, देवही खाली पाहतो, आणि मधून तेल वाहत राहते.

आमच्या दुर्बिणीत असा काही व्यवहार नसतो. मी पाहते आणि शनी पाहिला जातो. मला दिसतो तोदेखील आत्ताचा नव्हे, कारण त्या दिवसांत त्याचा प्रकाश इथवर यायला सुमारे सव्वा तास लागत होता. मावशीने ज्या प्रकाशाकडे पाठ फिरवली तो आमची कहाणी सुरू होण्याआधीच तिकडून निघालेला होता. मला हे सांगायला आवडते, ऐकणाऱ्यालाही आवडते. परंतु आवडणे आणि गांभीर्याने घेणे यांत फरक आहे. मावशी शनीला कोणीतरी समजते. समोरच्याला आपण पाहतो तेव्हा तोही आपल्याला पाहतो, हे तिने गृहीत धरलेले आहे. मी शनीला १३६ कोटी किलोमीटर दूर असलेला, पाण्याहून कमी घनतेचा एक वायूचा गोळा समजते. माझे बरोबर आहे याबद्दल मला शंका नाही. पण अंगणात त्या रात्री आम्हा दोघींपैकी शनीच्या सान्निध्यात कोण उभे होते, असे कोणी विचारले तर मी माझे नाव सांगणार नाही.

डोळे लावून पाहणाऱ्यांनाही तो सहजासहजी कळलेला नाही. १६१० मध्ये गॅलिलिओने आपल्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्याला मधला मोठा आणि दोन्ही बाजूंना चिकटलेले दोन लहान, असे तीन गोळे वाटले. दोनच वर्षांनी ते बाजूचे गोळे नाहीसे झाले आणि तो इतका गोंधळला की शनीने आपलीच मुले गिळली की काय, असे त्याने एका पत्रात लिहिले. तिकडच्या पुराणातला शनी मुले खाणारा आहे. इतका थोर माणूसही गोंधळला की गोष्टीकडेच वळला, याचे मला बरे वाटते. पुढे डच खगोलशास्त्रज्ञ ह्यूजेन्सने १६५५ साली टायटन शोधला, तोही कडी मिटत आलेली असताना, आणि १६५९ मध्ये खुलासा केला की शनीभोवती एक पातळ, सपाट, त्याला कुठेही न टेकलेले कडे आहे आणि ते कललेले आहे. म्हणून ते कधी उघडे दिसते, कधी कडेवरून दिसते, आणि कडेवरून पाहिले की दिसतच नाही. त्यानंतर दोनशे वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने गणिताने दाखवले की ते एकसंध असूच शकत नाही, तुटून जाईल. असंख्य सुटे तुकडे स्वतंत्रपणे फिरत असले तरच ते टिकेल. तुकडे बर्फाचे आहेत, धुळीच्या कणापासून घराएवढे, आतले वेगाने फिरतात आणि बाहेरचे सावकाश. साऱ्यांचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटरांहून अधिक आणि जाडी पुष्कळ ठिकाणी दहाएक मीटर. वहीचा एक कागद सीताबर्डीच्या किल्ल्यापासून गांधीसागर तलाव ओलांडून पलीकडे जाईल इतका मोठा असावा, असे ते प्रमाण आहे. एवढा कागद कडेवरून पाहिला तर काय दिसणार?

आता मावशीच्या साडेसातीबद्दल सांगितले पाहिजे, कारण ती नसती तर मावशी कदाचित तिरक्या नजरेने का होईना, पण पाहती. तिची रास मेष. वय अठ्ठ्याहत्तर. तिला तिसरी साडेसाती लागली आहे. पहिली लागली तेव्हा ती काटोलजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात आली होती. त्या काळात तिचे पहिले मूल गेले, आणि त्याबद्दल ती आजही एका वाक्यापलीकडे बोलत नाही. दुसरी साडेसाती सुटता सुटता काकांची गिरणी बंद पडली. ते घरी बसून राहू लागले, आणि तिने पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेऊन घर चालवले. मला वर्षे लागतात, तिला लागत नाहीत. ‘पहिल्या साडेसातीत’ आणि ‘दुसऱ्या साडेसातीत’ अशीच तिची कालगणना आहे, आणि मधल्या बऱ्या वर्षांना तिच्या बोलण्यात नावच नाही.

त्या गुरुवारनंतर मी एका रात्री तिची वर्षे आणि माझी वर्षे शेजारी शेजारी मांडली. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत ती वाटली की एका राशीला सुमारे अडीच वर्षे येतात, आणि आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की साडेसात. म्हणजे साडेसाती हा शनीच्या फेरीचा पाव हिस्सा आहे. कड्यांचेही तसेच आहे. एका फेरीत ती दोनदा मिटतात आणि दोनदा पूर्ण उघडतात, म्हणजे मिटल्यापासून उघडेपर्यंत पुन्हा पाव फेरीच. इथवर मला काही विशेष वाटले नाही. पण मेषेची साडेसाती शनी मीनेत शिरला की लागते, आणि बहुतेक पंचांगांनी तो प्रवेश २९ मार्च २०२५ रोजी दिलेला आहे. कडी मिटली २३ मार्चला. सहा दिवसांचे अंतर! मागची साडेसाती १९९५-९६ मध्ये लागली आणि तेव्हाही कडी मिटलेली होती. त्याआधीची १९६६ मध्ये, तेव्हाही मिटलेली. शिवाय ज्या सुमारास शनी वृषभेतून बाहेर पडतो आणि मेषेची माणसे सुटतात, त्या सुमारास कडी पूर्ण उघडलेली असतात. मावशीची तिन्ही संकटे कडी नसलेल्या शनीने सुरू झाली, आणि तो कड्यांसकट पूर्ण दिसू लागला तेव्हा पहिली दोन सुटली. तिसरीही अशीच सुटेल, २०३२च्या सुमारास.

याला काहीही अर्थ नाही. आपल्या मीन राशीची सुरुवात आणि कड्यांची पातळी जिथे पृथ्वीच्या कक्षेला छेदते ती जागा, या दोन गोष्टी आकाशात योगायोगाने जवळजवळ एकाच ठिकाणी आल्या आहेत, एवढीच ही भूमिती आहे. तुळेच्या माणसांनाही तीच लागू पडते, कारण ती जागा बरोबर समोर येते. २००९ च्या सप्टेंबरात कडी मिटली आणि त्याच आठवड्यात शनी कन्येत गेला. बाकीच्या दहा राशींना असा काही मेळ नाही आणि त्यांची दुःखे त्यामुळे कमी झालेली नाहीत. तरीही त्या रात्री मी कागदाकडे बराच वेळ पाहत बसले होते, आणि तो कागद मी फाडला नाही.

नागपुरात पिडा घालवायची दुसरी एक रीत आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पिडेचे बाईच्या रूपातले पुतळे, निघतात, बडग्यांचे पुतळे निघतात, आणि सारे शहर रस्त्यावर येऊन घसा फोडून ओरडते, इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. मावशीने ती मिरवणूक कधी चुकवलेली नाही, आणि ओरडतानाचा तिचा आवाज नेहमीचा नसतो. मारबतीला तोंडावर शिव्या देता येतात, तिला गावाबाहेर नेऊन जाळता येते आणि घरी येऊन जेवता येते. शनीचे तसे नाही. त्याला हाकलता येत नाही, घाई करता येत नाही, त्याच्याशी भांडता येत नाही. तो आपल्या गतीने येतो आणि आपल्या गतीने जातो. हल्लीच्या वर्षांत मारबतीच्या दिवसांत तो रात्री पूर्वेला उगवलेलाही असतो, फक्त ढगांमुळे दिसत नाही.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा मी तिला माझे गणित सांगितले. विज्ञानाचा विजय म्हणून नव्हे, नुसते सांगावेसे वाटले म्हणून. कडी म्हणजे काय, ती मिटतात कशी, आणि तुझ्या प्रत्येक साडेसातीच्या सुरुवातीला ती मिटलेलीच होती, असे सगळे. तिने लाडू मोडता मोडता ऐकून घेतले. तिला नवल वाटेल किंवा भीती वाटेल अशी माझी अपेक्षा होती. दोन्ही झाले नाही. ती म्हणाली, “मंग बरोबरच आहे. कामाले लागायच्या आधी माणूस हातातलं कडं काढूनच ठेवते.” आणि जरा थांबून, “काम झालं का मंग घालते.” मी हसले तशी तीही हसली. पण ती गंमत करत नव्हती, हे तिच्या हसण्यातच दिसत होते.

मला अजूनही वाटते की तिने एकदा पाहावे. तिची भीती जावी म्हणून नव्हे. तो किती लहान दिसतो, नव्वद पटीलाही तांदळाच्या कणीहून मोठा नाही, आणि तरी त्याला कडी आहेत, सावली आहे, शेजारी एक चंद्र आहे, हे तिने पाहावे म्हणून. आणि त्याच वेळी असेही वाटते की तिने पाहून ‘मस्त’ म्हटले, तर मला फार वाईट वाटेल.

२०२६च्या संक्रांतीनंतर शनी संध्याकाळी पश्चिमेला बुडत चालला होता. काही दिवसांनी तो सूर्याआड जाणार, मग पहाटेच्या आकाशात निघणार, आणि ४ ऑक्टोबर २०२६ रोजी सूर्याच्या बरोबर समोर येऊन रात्रभर दिसेल. पाऊस तोवर बहुधा परतलेला असेल, आणि कडी पुन्हा कडी म्हणून ओळखू येतील इतकी कललेली असतील, यावेळी दक्षिणेकडची बाजू आपल्याकडे करून. मावशीच्या नातवाने संक्रांतीचे आमचे बोलणे दारामागून ऐकले होते आणि त्याला शनी पाहायचा आहे. त्याची रास कुंभ, म्हणजे साडेसाती त्यालाही आहेच, शेवटचा टप्पा. मावशीने परवानगी दिली आहे, एका अटीवर. “दाखव त्याले. पण शनिवारी नको.” मी तिथेच फोन काढून पाहिले, ४ ऑक्टोबरला रविवार आहे. त्या दिवशी पितृपक्षही चालू असेल हे मात्र मला घरी आल्यावर कॅलेंडर उलटताना दिसले, आणि ते मी तिला अजून सांगितलेले नाही.